पृथ्वीच्या कडेबाहेर दिसणारी निळसर रेघ ८३ किमीवरचे ध्रुवीय ढगच आहेत, हे कसं सिद्ध करायचं?

मुलुंड_आकाश

नमस्कार मंडळी.

जून ते ऑगस्ट मुंबईत आकाशनिरीक्षण बंद असतं, आणि नेमका तोच उत्तर ध्रुवाकडच्या मध्यांबरातल्या बर्फाळ ढगांचा हंगाम. हे ढग साधारण ८० ते ८५ किमी उंचीवर असतात. जमिनीवरून दिसले की त्यांना नॉक्टिल्युसंट म्हणतात, उपग्रहवाले पीएमसी (पोलर मेसोस्फेरिक क्लाउड्स, म्हणजे ध्रुवीय मध्यांबरी ढग) म्हणतात. मुंबई १९ अंश अक्षांशावर, त्यामुळे इथून ते डोळ्यांनी दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणून बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या मुलांसाठी पावसाळ्यातला प्रकल्प असा आखायचा आहे की फुकट मिळणाऱ्या उपग्रहचित्रांतून हे ढग शोधायचे आणि त्यांची उंची मोजायची.

हिमावारी-८ या जपानी हवामान-उपग्रहाच्या (डिसेंबर २०२२ पासून त्याच्या जागी हिमावारी-९ आहे) पूर्ण-गोल चित्रांत कॉन्ट्रास्ट खूप ताणला की उत्तरेकडच्या कडेबाहेर एक पुसट निळसर रेघ दिसते. ती पीएमसीच आहे की कॅमेऱ्यातला भटका प्रकाश, हे कशावरून ठरवायचं? कोणता चॅनेल घ्यावा, दिवसाच्या कोणत्या वेळेचं चित्र घ्यावं? शिवाय सॅटपाय या पायथन लायब्ररीने मूळ डेटा उघडला की कडेबाहेर सगळं रिकामं येतं, पण वेबवरच्या पीएनजी चित्रात रेघ दिसते. हे असं का? आणि मुलांना आपल्या इन्सॅटवर हाच प्रयोग करायला आवडेल, तो जमेल का?

हाताशी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि पायथन आहे.

पवई_भूमिती

आधी रिकाम्या चौकटीचं. सॅटपायचा हिमावारी-रीडर पृथ्वीबाहेरचे पिक्सेल मुद्दाम झाकतो, कारण बहुतेकांना ते नको असतात. त्यात ‘मास्क स्पेस’ नावाचा पर्याय आहे आणि तो मुळात चालू असतो. रीडरला द्यायच्या पर्यायांत तो बंद करा, मग कडेबाहेरचे काउंट (कॅमेऱ्याने नोंदलेले कच्चे आकडे) हाती येतील. स्कॅनच्याच बाहेर असलेल्या जागेत ६५५३४ आणि बिघडलेल्या पिक्सेलमध्ये ६५५३५ हा आकडा भरलेला असतो. कच्चे काउंट स्वतः वाचणार असाल तर सरासरी काढायच्या आधी हे दोन्ही गाळा, नाहीतर एकच पिक्सेल सगळी सरासरी उडवतो. पीएनजीवर मोजमाप करू नका. ती ८ बिटांची असते आणि तिच्यात गॅमा लावलेला असतो, त्यामुळे तेजाचं प्रमाण टिकत नाही.

८ जीबी पुरेल. हिमावारीचं पूर्ण-गोल चित्र उत्तर-दक्षिण दहा तुकड्यांत येतं. १ किमीच्या चॅनेलची जाळी ११००० बाय ११००० पिक्सेलची, म्हणजे प्रत्येक तुकड्यात ११०० ओळी. उत्तरेकडच्या कडेचा ५५ अंशांच्या वरचा सगळा भाग पहिल्याच तुकड्यात बसतो. दक्षिणेसाठी दहावा तुकडा घ्या. बाकीचे आठ उतरवूच नका.

आता भूमिती, कारण खरा पुरावा तिथेच आहे. भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून ४२१६४ किमीवर असतो. तिथून ८३ किमी उंचीला स्पर्श करून जाणाऱ्या दृष्टिरेषेची लांबी सुमारे ४१६७० किमी भरते. चित्राच्या मध्यावर १ किमीचा असलेला पिक्सेल कडेवर साधारण १.१६ किमीचा होतो. म्हणजे ढग खऱ्या कडेपासून सुमारे ७१ पिक्सेल बाहेर दिसायला हवेत. हिमावारीच्या जाळीत उत्तर टोकाला कडेबाहेर ८० च्या आसपास पिक्सेल शिल्लक राहतात, म्हणजे जेमतेम ९५ किमीपर्यंतचं आकाश. काम होतं, पण जागा फार नाही. पूर्व-पश्चिम टोकांना तर ती ८० किमीपर्यंतही पुरत नाही. आपल्याला तिकडचं काही नको, म्हणून चालतं.

‘खरी कडा’ कुठे आहे हे चित्रातल्या उजेडावरून ठरवायचं नाही. निळ्या प्रकाशात वातावरण कडेवर इतकं दाट दिसतं की डोळ्याला भासणारी कडा जमिनीपासून १५ ते २५ किमी वर सरकलेली असते. कडा गणिताने काढा, आणि पृथ्वी गोल धरू नका. विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१ आणि ध्रुवीय ६३५६.८ किमी. हा २१ किमीचा फरक विसरलात तर ध्रुवाजवळ उंची १८ पिक्सेलने चुकते. मग ८३ किमीचा ढग ६२ किमीवर निघतो आणि बिचारा ‘भटका प्रकाश’ म्हणून फेकला जातो. ६० अंशांवर हीच चूक १६ किमीची होते.

सोपी पद्धत अशी. प्रत्येक पिक्सेलचे दोन स्कॅन-कोन जाळीच्या गुणकांवरून मिळतात, पूर्वेकडचा पू आणि उत्तरेकडचा उ. उपग्रहाचं स्थान (४२१६४, ०, ०) धरा. दृष्टिरेषेच्या दिशेचे तीन घटक म्हणजे उणे कोसाइन पू गुणिले कोसाइन उ, साइन पू गुणिले कोसाइन उ, आणि साइन उ. तिसऱ्या घटकाला १.००३३६४ ने गुणा. ध्रुवाकडे चपटी पृथ्वी त्यामुळे गोल होते. आता केंद्रापासून त्या रेषेचं लंब-अंतर काढा आणि त्यातून ६३७८.१३७ वजा करा. ही झाली स्पर्शउंची. या युक्तीची चूक ८३ किमीला ०.३ किमीपेक्षा जास्त होत नाही, म्हणजे पिक्सेलपेक्षा लहान. लंबाचा पायथा जिथे पडतो तिथला अक्षांश-रेखांशही याच गणितातून मिळतो.

हिमावारी १४०.७ पूर्वेवर आहे. त्याच्या कडेवरचे ६० उत्तर अक्षांशाचे बिंदू सुमारे ६९ पूर्व आणि १४७ पश्चिम रेखांशावर पडतात, म्हणजे उरलपलीकडचा सायबेरिया आणि अलास्का. ७० अंशांवर ते ७७ पूर्व आणि १५६ पश्चिम, ८० अंशांवर ११३ आणि १६९ पूर्व. कडेवरून जपान किंवा कोरियावरचे ढग दिसत नसतात, हे मुलांना नकाशावर काढून दाखवा.

पुढचं काम सरासरीचं. एकेक पिक्सेल बघून काहीच ठरत नाही. १ किमी स्पर्शउंची आणि २ अंश अक्षांश असे कप्पे करा. एका कप्प्यात साधारण १६० पिक्सेल येतात, म्हणजे नॉइज बारा-तेरा पटींनी खाली जातो. प्रत्येक अक्षांश-पट्ट्यात ८८ ते ९५ किमीची सरासरी ‘शून्य’ धरून वजा करा. मग उंचीनुसार तेजाचा आलेख लॉग मापावर काढा. ढग नसतील तर विरळ हवेचं विकिरण (प्रकाश विखुरणं) उंचीसोबत घातांकाने कमी होत जातं आणि लॉग मापावर जवळपास सरळ रेघ मिळते. ढग असतील तर ८० च्या वर फुगवटा येतो आणि ८५-८६ च्या वर तो एकदम तुटतो. त्या तुटण्याकडे लक्ष ठेवा. भटका प्रकाश असा कधीच तुटत नाही, तो हळूहळू विरत जातो.

कलिना_अतिनील

भूमिती उत्तम मांडली आहे. मी रंगाबद्दल लिहितो, आणि एका गोष्टीवर भर देतो: आधी खात्रीच्या डेटावर हात बसवा, मग कडेकडे वळा.

खात्रीचा डेटा म्हणजे नासाच्या एम उपग्रहावरचा सिप्स कॅमेरा. २५ एप्रिल २००७ ला एम सोडला गेला आणि २०२३ पर्यंत तो चालला. हिमावारी-८ चं नियमित काम जुलै २०१५ ला सुरू झालं, त्यामुळे दोघांचे बरेच हंगाम एकमेकांवर येतात. सिप्सची फाइल बोल्डरच्या लॅस्प प्रयोगशाळेच्या साइटवरून मोफत मिळते.

सिप्स थेट खाली बघतो आणि तरीही ढग पकडतो, याचं कारण २६५ नॅनोमीटर ही तरंगलांबी. या अतिनील पट्ट्यात ओझोन प्रकाश जबरदस्त शोषतो. जमीन, समुद्र, पावसाचे ढग, बर्फाचे पठार यांतलं काहीही वर पोहोचत नाही. उरतं ते ओझोनच्या मुख्य थराच्या वरच्या हवेचं मंद विकिरण, आणि त्यावर ८३ किमीवरचे बर्फकण उठून दिसतात. दृश्य प्रकाशात खाली बघून हेच करायला गेलात तर खालचे ढग लाखो पटींनी उजळ असतात. म्हणूनच हिमावारीसाठी कडेबाहेर, काळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर बघावं लागतं.

तरीही हवेचं विकिरण कोणतं आणि बर्फाचं कोणतं हा प्रश्न सिप्सलाही पडतोच. त्याचं उत्तर चार कॅमेऱ्यांत आहे. उपग्रह पुढे सरकताना एकच जागा वेगवेगळ्या कोनांतून टिपली जाते. हवेच्या रेणूंचं विकिरण ९० अंशांच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं, बर्फकणांचं मात्र पुढच्या दिशेला झुकलेलं असतं. त्या झुकावावरून ढग वेगळा काढतात आणि कणांची त्रिज्याही काढतात, जी बहुधा काही दशक नॅनोमीटर असते.

वापरताना काय अडतं ते सांगतो. एकेका प्रदक्षिणेच्या फाइली नेटसीडीएफ या फाइल-प्रकारात असतात. अक्षांश-रेखांश एका फाइलीत, ढगांची मापं दुसऱ्या फाइलीत. दोन्ही एकाच प्रदक्षिणेच्या आणि एकाच आवृत्तीच्या घ्या. अक्षांशाच्या स्तंभात ९० पेक्षा मोठे आकडे दिसले तर घाबरू नका, ती ध्रुवापलीकडची बाजू आहे. अशा जागी १८० मधून तो आकडा वजा करा. न बदलता नकाशा काढला की अर्धा पट्टा गायब होतो. गुणवत्तेचा आकडा मुख्यतः तिथे किती कोनांतून नोंद झाली ते सांगतो. कडेच्या पिक्सेलना दोन-तीनच कोन मिळतात, तिथली त्रिज्या वापरू नका. मंद ढगांचीही त्रिज्या सोडून द्या, फक्त ‘ढग आहे’ एवढंच घ्या. तेजाचं एकक १० चा उणे सहावा घात प्रति स्टेरेडियन असतं. मुलांसाठी उंबरठा ५ ठेवा. २ वर आणलात तर खोटे ढग वाढतात, विशेषतः सूर्य क्षितिजाजवळ असलेल्या भागात. सोप्या सुरुवातीसाठी दिवसभराच्या पंधरा प्रदक्षिणा जोडलेला ध्रुवाभोवतीचा फुलासारखा नकाशाही तयार मिळतो.

आता हिमावारीचा चॅनेल. ०.४७ मायक्रॉनचा निळा पहिला चॅनेलच घ्या. कण तरंगलांबीपेक्षा खूप लहान असल्याने विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतं, लाल चॅनेलमध्ये तेच ढग चौथ्या हिश्शापेक्षा थोडेच जास्त उजळ राहतात. पण ‘निळं आहे म्हणजे ढग’ हा निष्कर्ष चुकीचा. मागची हवाही तितकीच निळी असते. हवा आणि ढग यांच्यात रंग फार मदत करत नाही, तिथे उंचीच लागते. रंगाची मदत होते ती भटका प्रकाश ओळखायला. तो खालच्या पांढऱ्या ढगांतून आणि बर्फातून आलेला असतो, त्यामुळे निळ्या आणि लाल चॅनेलमध्ये त्याचं परावर्तन जवळपास सारखं येतं. ८३ किमीवर निळ्याचं लालशी प्रमाण तीन-चारच्या आसपास असेल तर पुढे जा, एकच्या आसपास असेल तर थांबा. लाल चॅनेल ०.५ किमीचा आहे, तेव्हा आधी चार-चार पिक्सेल एकत्र करून तो १ किमीवर आणा.

मुलुंड_आकाश

दोघांचेही मनापासून आभार. पृथ्वी चपटी धरून केलेल्या गणितावर आलेख काढला. एक शंका आहे. ६८ ते ७४ अंशांच्या पट्ट्यात ८४ च्या वर तेज तुटतं, हे बरोबर. पण खाली एकच टोकदार शिखर येण्याऐवजी ६० पासून ८४ पर्यंत सगळंच फुगलेलं आहे. ढगांचा थर तर दोन-तीन किमी जाडीचा असतो ना? मग हा २० किमीचा ढग कुठून आला? आणि वेळ कोणती निवडू, तेही राहिलं.

पवई_भूमिती

तो फुगवटा अपेक्षितच आहे, आणि तोच चांगली खूण आहे. स्पर्शउंची म्हणजे दृष्टिरेषा पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येते तिथली उंची. ढग त्या बिंदूवरच असेल असं नाही. तो आपल्या बाजूला ५०० किमी अलीकडे असला, किंवा तेवढाच पलीकडे असला, तरी रेषा त्यातून जातेच, फक्त खालच्या स्पर्शउंचीला दिसते. सूत्र सरळ आहे: अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीच्या त्रिज्येची दुप्पट. ५०० किमीला हे १९ किमी भरतं, म्हणजे ८३ चा ढग ६४ वर दिसतो. ३०० किमीला ७ किमी, म्हणजे ७६. उलट कधीच होत नाही. ८३ चा ढग ९० वर दिसू शकत नाही. म्हणून वरची कड तीक्ष्ण आणि खालची बाजू पसरट.

उंची हवी असेल तर फुगवट्याचं मधलं टोक घेऊ नका, वरची कड घ्या. वरून खाली येताना तेज जिथे सगळ्यात वेगाने वाढतं ती स्पर्शउंची म्हणजे थराचा माथा. बऱ्याच चौकटींत तो ८२ ते ८६ मध्ये स्थिर राहिला तर मुलांनी उंची मोजली असं म्हणता येईल. जर्मन खगोलशास्त्रज्ञ ऑटो येस्से यांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी छायाचित्रांच्या त्रिकोणमापनाने ८२ किमी काढले होते. त्या आकड्याशी स्वतःचा आकडा ताडून पाहण्यात वेगळीच मजा आहे.

कडेवरून हे ढग दिसतातच का, तेही याच भूमितीत आहे. २ किमी जाडीच्या थरातून कडेने जाणारी रेषा सुमारे ३२० किमी बर्फकणांतून जाते, म्हणजे सरळ खाली बघण्याच्या १६० पट. खिडकीची काच समोरून पारदर्शक आणि कडेने हिरवी दिसते, त्यातलाच हा प्रकार.

वेळेबद्दल. हिमावारीच्या स्थानिक मध्यरात्री, म्हणजे १४:३७ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार), आपल्या घड्याळात रात्री ८ च्या सुमारास, सूर्य पृथ्वीच्या मागे उत्तर बाजूला असतो. २१ जूनला त्या वेळी उत्तर टोकाचा विकिरण-कोन (विखुरताना प्रकाश मूळ दिशेपासून किती वळतो तो कोन) फक्त १५ अंश भरतो, तर स्थानिक दुपारी तो १४८ अंश असतो. पुढच्या दिशेचं विकिरण बर्फकणांना सोयीचं, शिवाय गोलाचा बराचसा भाग अंधारात असल्याने खालून येणारा भटका प्रकाश कमी. पण सूर्य स्वतः कडेपासून १५ अंशांवर आलेला असतो आणि तो थेट कॅमेऱ्यात गळण्याची भीती वाढते. त्यामुळे १० ते १३ आणि १६ ते १९ यूटीसी अशा दोन्ही बाजूंच्या चौकटी घ्या आणि मध्याशी तुलना करा. दर १० मिनिटांनी चित्र असतं, मात्र ०२:४० आणि १४:४० यूटीसीला उपग्रहाच्या देखभालीमुळे पूर्ण-गोल चित्र नसतं. स्क्रिप्ट तिथे अडकते, ‘फाइल मिळाली नाही’ हे तिने सहन केलं पाहिजे.

एक चाचणी चुकवू नका. कडेच्या आतल्या १०० किमी पट्ट्याचं सरासरी तेज एका अक्षावर आणि ८० ते ८४ किमीचं कडेबाहेरचं तेज दुसऱ्या अक्षावर मांडा. दोन्ही एकत्र वरखाली होत असतील तर तुम्ही खालच्या पांढऱ्या ढगांचा गळका प्रकाश मोजताय. काहीच संबंध दिसला नाही तर पारडं पीएमसीकडे झुकतं.

सांताक्रूझ_७२

इन्सॅटचं मी बघतो, कारण प्रश्न चांगला आहे आणि उत्तर ‘नाही’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

डेटा इस्रोच्या मोझडॅक या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतो. पूर्ण-गोल पातळी १बी फाइल एचडीएफ५ प्रकारची असते, दर अर्ध्या तासाला एक. दृश्य चॅनेल ०.५५ ते ०.७५ मायक्रॉन, १ किमी. स्कॅनची चौकट १८ बाय १८ अंशांची आहे, त्यामुळे कडेबाहेरची जागा हिमावारीपेक्षा बरीच जास्त मिळते, शून्य पातळी ठरवायला ऐसपैस. कडेबाहेर अक्षांश-रेखांशाच्या डेटासेटमध्ये जागा भरण्यापुरता एक ठरावीक आकडा असतो, तो बघून पिक्सेल टाकून देऊ नका. स्पर्शउंची वर सांगितलेल्या गणितानेच काढा. ८२ पूर्वेवरच्या इन्सॅटला ६० उत्तरेची कडा १० पूर्व आणि १५४ पूर्वेवर लागते, म्हणजे दक्षिण नॉर्वे आणि ओखोत्स्कच्या समुद्राचं उत्तर टोक. स्थानिक मध्यरात्र जवळपास आपल्या घड्याळाच्या १२ वाजता, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्वेची. मुलांना हे सोयीचं पडेल. रात्रीच्या फाइलींतही दृश्य चॅनेल तपासा. भारतावर काळोख असला तरी जूनमध्ये उत्तर कडेवर ऊन असतं.

अडचण संवेदनशीलतेची. ढोबळ हिशेब करू. सिप्सच्या मापात २० एकक तेजाचा बऱ्यापैकी उजळ ढग घ्या. २६५ वरून ६५० नॅनोमीटरला येताना चौथ्या घाताने तो सुमारे ३६ पट मंद होतो. कडेमुळे १६० पट वाढ मिळते. परावर्तनात मांडलं तर उरतात साधारण ०.०३ टक्के. इन्सॅटचा इमेजर १० बिटांचा, म्हणजे एक काउंट साधारण ०.१ टक्क्याचा. ढग पाव काउंटचा झाला! हिमावारीच्या निळ्या चॅनेलमध्ये हाच हिशेब ०.१ टक्क्यावर जातो, आणि ११ बिटांमुळे काउंटची पायरी लहान असते, म्हणून तिथे एक-दोन काउंट मिळतात. विकिरण-कोन मी यात धरलेला नाही, पुढच्या दिशेला आकडे थोडे सुधारतील.

पाव काउंट सरासरीने सापडू शकतो, पण एका अटीवर: पिक्सेलचा नॉइज किमान अर्ध्या काउंटचा हवा. नॉइज त्याहून कमी असेल तर सगळे पिक्सेल एकाच आकड्यावर अडकतात आणि हजार पिक्सेलची सरासरी काढली तरी तोच आकडा मिळतो. म्हणून आधी १२० किमीच्या वरच्या आकाशाचं प्रमाण विचलन काढा. मग ओळींमधले पट्टे. प्रत्येक स्कॅन-ओळीची शून्य पातळी थोडी वेगळी असते, आणि उत्तर टोकाला ओळ कडेला समांतर असल्याने हा पट्टा हुबेहूब ढगाच्या थरासारखा दिसतो. इलाज सोपा आहे: ओळीची पातळी त्याच ओळीच्या दोन टोकांच्या मोकळ्या आकाशावरून काढा आणि वजा करा. आणि टोकावरचा थर मानण्याआधी ६० ते ७० अंशांत, जिथे कडा ओळींना तिरकी जाते, तिथे तो दिसतो का ते बघा. पट्टा असेल तर तिथे तो कडेसोबत वळत नाही.

तुलनेसाठी दिवस कोणता घ्यावा याची एक युक्ती. या ढगांचा हंगाम २१ जूनभोवती समान नसतो. मेच्या शेवटी सुरू होतो आणि ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत रेंगाळतो. पण सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर) मात्र समान असते. ६ मे आणि ७ ऑगस्ट या दोन्ही दिवशी ती साधारण १६.५ अंश असते. दोन्ही दिवसांची एकाच वेळेची चित्रं घेतली तर सूर्य, कडा, विकिरण-कोन, सूर्याकडून गळणारा प्रकाश हे सगळं जवळपास सारखं, आणि ढग फक्त एकाच दिवशी. सूर्यापासूनच्या अंतरामुळे एक टक्का फरक पडेल, तो दुरुस्त करा. एकेका दिवसाऐवजी आगेमागेचे पाच-पाच दिवस घ्या, कारण या ढगांवर पाच दिवसांच्या आवर्तनाची ग्रहीय लहर चालते आणि एखादा दिवस रिकामा जाऊ शकतो.

माझं मत विचाराल तर हिमावारीवर पद्धत पक्की करा आणि तीच जशीच्या तशी इन्सॅटवर चालवा. तिथे ढग सापडला नाही तरी ‘इतक्या तेजाच्या वरचे ढग या पट्ट्यात नव्हते’ अशी मर्यादा आकड्यात मांडता येते. तोही नीट निकाल आहे.

भारती_मैत्री_वाचक

एक गोंधळ टाळण्यासाठी लिहितो, कारण ‘ध्रुवाकडचे उंच ढग’ शोधताना मुलं दुसऱ्याच ढगांच्या फाइली उतरवून बसतात. स्थितांबरातले ध्रुवीय ढग १५ ते २५ किमीवर असतात आणि ते हिवाळ्यातले, अंटार्क्टिकावर साधारण जून ते सप्टेंबर. २० किमीच्या आसपास नायट्रिक आम्लाचे स्फटिक सुमारे उणे ७८ अंश सेल्सिअसला बनतात, बर्फाचे उणे ८५ ला. मध्यांबरातले ढग मात्र उन्हाळ्यात येतात, कारण ८५ किमीवर ध्रुवीय उन्हाळाच सगळ्यात थंड असतो. हवा वर चढते, पसरते आणि तापमान उणे १३० च्याही खाली जातं. महिना आणि गोलार्ध बघितला की निम्मा गोंधळ मिटतो.

स्थितांबरी ढगांना कडेची पद्धत लावू नका. त्या काळात तिथे ध्रुवीय रात्र असते, ऊनच नाही. अवरक्त चित्रांत ते इतके पातळ असतात की खालच्या थंड बर्फापासून आणि उंच सिरसपासून वेगळे काढता येत नाहीत. तिथे लिडार (लेसरचे स्पंद सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून ढग शोधणारं यंत्र) लागतो. कॅलिप्सो उपग्रहाचा लिडार २००६ पासून २०२३ पर्यंत ५३२ आणि १०६४ नॅनोमीटरवर चालला, ध्रुवणावरून गोल थेंब आणि स्फटिक वेगळे करायचा. मे २०२४ ला सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावर ३५५ नॅनोमीटरचा लिडार आहे.

दक्षिणेचा पीएमसी हंगाम नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. अंटार्क्टिकावरची आपली संशोधन केंद्रं, मैत्री ७०.८ आणि भारती ६९.४ दक्षिण अक्षांशावर. तेव्हा त्यांच्या डोक्यावर हे ढग असले तरी बराच काळ सूर्य मावळत नसल्याने जमिनीवरून दिसत नाहीत, उपग्रहच लागतो. दिवाळीनंतर प्रकल्प पुढे न्यायचा असेल तर हिमावारीचा दहावा तुकडा घ्या, स्थानिक मध्यरात्रीचं सगळं गणित तसंच लागू पडतं.

आणखी एक. स्पर्शउंची १० ते २५ किमीत फुगवटा आला तर ज्वालामुखीची यादी बघा. कुरील बेटांवरचा रायकोके २२ जून २०१९ ला फुटला, ऐन पीएमसी हंगामात, आणि त्याचा गंधकी धूसर थर स्थितांबरात उत्तरेकडे बराच काळ होता. ८० च्या वरच्या भागाशी त्याचा संबंध नाही, पण पार्श्वभूमीची सरळ रेघ बसवताना खालची हद्द ४० किमीच्या वर ठेवा, नाहीतर तो उतार बिघडवतो. वरची हद्द ५५, कारण ६० च्या पुढे अलीकडच्या-पलीकडच्या ढगांचा फुगवटा सुरू होतो.

कलिना_अतिनील

या ४० ते ५५ च्या हद्दीला माझं अनुमोदन. फक्त ती रेघ ८३ पर्यंत सरळ ताणू नका. वर जाताना हवा थंड होते आणि घनता जास्त वेगाने घटते, त्यामुळे सरळ रेघ ८० ला हवेचं विकिरण प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते आणि मंद ढग त्यात बुडतात. मेच्या पहिल्या आठवड्याचा, ढग नसलेला आलेखच पार्श्वभूमी म्हणून घ्या, ४० ते ५५ मध्ये त्याचं तेज जुळवून घ्या, आणि मग वजाबाकी करा.

सिप्सशी ताडताना पिक्सेलला पिक्सेल लावू नका. कडेची रेषा शेकडो किमी ढगांतून जाते, तेव्हा त्याच रेषेवरच्या सिप्स तेजाची स्पर्शबिंदूच्या दोन्ही बाजूंना ३०० किमीपर्यंत सरासरी घ्या. अशा जोड्या जमल्या की एका अक्षावर सिप्स, दुसऱ्यावर हिमावारी. उतार कितीही येवो, पण सिप्स शून्याजवळ असताना हिमावारीही शून्याजवळ आलं पाहिजे. येत नसेल तर शून्य पातळीत अजून गळका प्रकाश शिल्लक आहे, ८८ ते ९५ ची वजाबाकी अक्षांशानुसार पुन्हा तपासा.